नेमाच्या आड

आमच्या गावात लोक मला अजून मान देतात. रस्त्यानं जाताना तरुण माणसं सायकलवरून उतरतात, म्हातारे सरकून बाजेवर जागा करून देतात आणि "बसा बुवा" म्हणतात. या मानाची मला लाज वाटते. ती का वाटते हे एकदा सांगून टाकावं म्हणून लिहायला बसलो आहे. सातवीपर्यंत शिकलेला माणूस आहे. अक्षर बरं आहे, बाकीचं वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

आम्ही ढिवर. साकोलीहून नागझिऱ्याच्या जंगलाकडे जाणाऱ्या वाटेवर आमचं गाव. तलावात जाळं टाकणं हा आमचा एक धंदा आणि जंगलात कोसा राखणं हा दुसरा. कोसा म्हणजे रेशमाचा कोश. येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर अळ्या सोडायच्या. त्या पाला खाऊन फुगतात, मग स्वतःभोवती कोश विणतात, ते कोश उतरवून कोष्ट्यांकडे जातात. सांगायला दोन वाक्यांत संपलं. पण अळ्या झाडावर असतात त्या दीड-दोन महिन्यांत कावळ्यांपासून गांधीलमाशांपर्यंत साऱ्या जगाला त्याच खायच्या असतात. म्हणून दिवसभर झाडाखाली राहायचं, गोफण फिरवायची, घसा फुटेपर्यंत ओरडायचं, आणि एका झाडाचा पाला संपला की फांद्या कापून अळ्या दुसऱ्या झाडावर न्यायच्या.

अळीला आम्ही अळी म्हणत नसू. देव म्हणत असू. देव जेवले, देव निजले, देव झाड चढले, असं बोलायचं. आणि देवाची राखण म्हटली की नेम आला. राखणदारानं दाढी करायची नाही, केस कापायचे नाहीत, अंगाला तेल लावायचं नाही. मासे खायचे नाहीत, आणि ढिवराला मासे खाऊ नको म्हणणं ही साधी गोष्ट नाही. एक वेळ जेवायचं, तेही स्वतः रांधून. भुईवर झोपायचं. गरजेपुरतंच बोलायचं. बायकोपासून दूर राहायचं, आणि बायकोनं तर राखणीच्या झाडांकडे फिरकायचंच नाही. घरून तांदूळ-मीठ यायचं ते वाटेवरच्या एका दगडापाशी ठेवून आणणारा मागं फिरायचा. पीक गेलं, तर पंचांचा पहिला प्रश्न एकच असायचा. नेम कोणी मोडला?

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी तिशीच्या आतला, लग्नाला सहा वर्षं झालेली, एक मुलगी. त्या उन्हाळ्यात मला काहीतरी झालं. काय झालं ते मी कोणाला सांगू शकलो नाही, कारण खरं पाहिलं तर काहीच झालं नव्हतं. घरात कोणी मेलं नव्हतं, भावकीत भांडण नव्हतं, तलावाला पाणी होतं. ज्याच्या घरात दुःख आहे त्यानं रडावं, त्याला हक्क आहे. मला कसला हक्क होता? हाच विचार मला जास्त खात असे.

पहाटे कोंबड्याच्या आधी जाग यायची आणि छातीवर कोणी ओलं पोतं ठेवल्यासारखं वाटायचं. उठून तोंड धुवायचं एवढं ठरवायला अर्धी सकाळ जायची. झिंग्याची चटणी मला जिवापाड आवडायची, तीसुद्धा तोंडात माती होऊन बसली. जाळं ओढायला गेलो की हात चालायचे, पण आपण कोणा दुसऱ्याचे हात पाहतो आहोत असं वाटायचं. मुलगी मांडीवर येऊन बसली की मी तिला उचलून खाली ठेवायचो. ती चार वर्षांची होती. पुन्हा यायची, मी पुन्हा खाली ठेवायचो. मग ती यायची बंद झाली. तेही मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःची किळस आली.

लोकांना काही सांगायचं तर कारण हवं. मी गुडघ्याचं निमित्त काढलं. गुडघा दुखतो म्हटलं की माणूस बसून राहिला तरी कोणी विचारत नाही. आईनं मोहाचं तेल गरम करून दिलं, वैदूनं कसली तरी साल उगाळून दिली, मी लंगडत चालू लागलो. पण खोटं आजारपण सांभाळायला खऱ्यापेक्षा जास्त अक्कल लागते. एक दिवस बायको मला निरखून पाहत होती.

"काल त डावा दुखत होता तुमचा," ती म्हणाली.

"आज उजवा दुखून राहिला," मी म्हणालो.

"मंग दुखनं बी फिरते का तुमचं, बजारात गेल्यावानी?"

माझी बायको तोंडानं फटकळ, हातानं चलाख. लग्न होऊन आली तेव्हापासून आमच्या मोहल्ल्यात बियाण्याचे कोसे निवडायला तिच्यासारखं कोणी नव्हतं. पुढच्या पिकासाठी कोणते कोसे ठेवायचे, त्यातून नर कोणता निघेल, मादी कोणती, हे ती कोसा तळहातावर ठेवून, कानाशी एकदा हलवून सांगायची. मोठ्या म्हाताऱ्यासुद्धा आपली टोपली तिच्यासमोर सरकवून ठेवत. तिला याचा गर्व होता आणि तो तिला शोभायचा. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे मी तिचं काय घालवलं ते कळावं.

आईला वाटलं नजर लागली. सासऱ्यांना वाटलं दारू लागली. बायकोला काय वाटलं ते तिनं सांगितलं नाही. मात्र फटकळ बोलणं तिनं हळूहळू कमी केलं आणि येता-जाता माझ्याकडे पाहू लागली. मला तिचं पाहणं नको व्हायचं. कोणीच पाहू नये, बोलू नये, काही विचारू नये, अशी एखादी जागा या जगात असावी असं वाटायचं. आणि मग पोळ्यानंतरच्या राखणीची वेळ आली.

राखणीला आमच्याकडे दोघं जण आळीपाळीनं जात, मी आणि माझा चुलतभाऊ. त्या वर्षी मी त्याला म्हणालो, "तू जाळं पाह्य. यंदा मी एकटाच राखतो."

"एकटा कसा राखशीन गड्या?" त्यानं विचारलं. "अन् तुहा गुडघा?"

"देवाच्या कामात गुडघा कायले दुखते," मी म्हणालो.

काय वाक्य बोललो मी! संध्याकाळपर्यंत ते घराघरांत पोचलं. एवढ्या तरुण वयात एकट्यानं पूर्ण नेम धरणारा माणूस गावानं पाहिला नव्हता. म्हाताऱ्यांनी पाठीवर हात ठेवला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मान खाली घालून उभा राहिलो, आणि तीसुद्धा लोकांना नम्रताच वाटली.

जंगलात गेलो आणि पहिल्याच दिवशी कळलं की ही जागा जणू माझ्यासाठीच बनवली आहे. दाढी करावीशी वाटत नव्हती, इथं करायचीच नव्हती. जेवावंसं वाटत नव्हतं, इथं एकदाच जेवायचं होतं. बोलणं नको होतं, इथं बोलायची मनाई होती. बायकोच्या शेजारी दगडासारखं पडून राहण्याची लाज होती, इथं ती लाजही उरली नाही. माझा आजार आणि आमचा नेम एकाच मापाचे निघाले. घरी ज्या गोष्टींसाठी मला खोटा गुडघा दुखवावा लागत होता, त्याच गोष्टींना इथं लोक दुरून हात जोडू लागले.

खरंच जोडू लागले. लाकडं आणायला जाणाऱ्या बाया माझ्या झोपडीच्या दिशेनं नमस्कार करून पुढं जायच्या. एकदा दगडापाशी तांदळाबरोबर नारळ ठेवलेला दिसला. कोणाचं तरी लेकरू आजारी होतं, माझ्या नावानं ठेवला होता. मी तो नारळ फोडून खाल्ला नाही आणि परतही केला नाही. तो तिथंच सडला. दाढी वाढली, गाल बसले, डोळे आत गेले. उपाशी आणि उदास माणूस दुरून तपस्व्यासारखा दिसतो, हे मला तेव्हा कळलं.

पहिले तीन आठवडे मी काम केलं. खोटं नाही सांगत, केलं. गोफण चालवली, मुंग्यांच्या वाटेवर राख टाकली, फांद्या बदलल्या. मग एक सकाळ अशी आली की उठलो नाही. दुपारी उठू म्हटलं. दुपारी उठलो नाही. दुसऱ्या दिवशी लघवीपुरता उठलो आणि परत येऊन पडलो. देव तेव्हा शेवटच्या वाढीत होते. या दिवसांत ते इतकं खातात की झाडाखाली उभं राहिलं तर त्यांच्या खाण्याचा आवाज येतो. आणि याच दिवसांत पाखरंही सगळ्यात जास्त तुटून पडतात.

मला पाखरांचा आवाज येत होता. हे नीट समजून घ्यावं. मी झोपेत नव्हतो, तापात नव्हतो, शुद्धीवर होतो. कावळे आले, पानं खडखडली, एक गेला, दहा आले, हे सगळं मी आडवा पडून ऐकत होतो. हात हलवला असता तर हलला असता असं मला आजही वाटतं. पण हात हलवायचा कशाला, या प्रश्नाचं उत्तर सापडत नव्हतं, आणि उत्तर सापडल्याशिवाय तो हलत नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाहेरून बाईमाणसाचा आवाज आला. "होऽऽ! उड! उड रे मेल्या!" टाळ्या वाजल्या, दगड फांद्यांवर आपटले, कावळे कालवा करून उठले. आवाज बायकोचा होता. दगडापाशी ठेवलेले तांदूळ दोन दिवस कोणी उचलले नाहीत हे तिनं पाहिलं असणार आणि ती त्या दगडाची सीमा ओलांडून आत आली असणार. झोपडीच्या दाराशी तिचे पाय दिसले.

"अवो," ती म्हणाली. "अवो, उठा नं. कावळे देव खाऊन राहिले."

मी तिच्या पायांकडे पाहत पडून राहिलो. उठलो नाही. बोललो नाही. ती पुन्हा झाडांकडे गेली. संध्याकाळ होईतो तिचं ओरडणं ऐकू येत होतं. फांद्या कापल्याचाही आवाज आला. अळ्या नव्या झाडावर न्यायचं काम तिनं कधी केलं नव्हतं, बायकांना ते करूच देत नसत. ती दुसऱ्या दिवशीही आली आणि तिसऱ्याही दिवशी आली. येताना भाताची शिदोरी आणायची, माझ्या उशाशी ठेवायची, जाताना उघडी करून पाहायची. चौथ्या दिवशी ती आली नाही. आदल्या संध्याकाळी परतताना तिला शेजारच्या राखणीवरच्या एका म्हाताऱ्यानं पाहिलं होतं.

पीक गेलंच. गाडीभर कोसे उतरायचे तिथं दोन टोपल्या उतरल्या, आणि त्या दोन टोपल्याही तिच्या तीन दिवसांच्या ओरडण्यानं वाचल्या होत्या. हे फक्त तिला आणि मला माहीत होतं.

दिवाळी झाल्यावर समाजाची बैठक बसली. पंच मधे, माणसं भोवती, बाया मागच्या ओट्यावर. मला पंचांच्या शेजारी बसवलं होतं. तोंडावर नेमाची दाढी तशीच होती. सगळ्यात वडील पंचानं बायकोला पुढं बोलावलं.

"राखनीत गेली होती का वं तू?"

"होय, गेली होती."

"कायले?"

माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. आजवर मी हजार वेळा आठवून पाहिलं आहे, तिनं खरंच पाहिलं नाही.

"देव कसे दिसते, ते पाहाचं होतं," ती म्हणाली.

लोक चिडले. कोणी हसलेही. एवढी शहाणी बाई आणि एवढं खुळ्यासारखं कारण. वडील पंच माझ्याकडे हात करून म्हणाले, "हा गडी जंगलात देह झिजवून राहिला, अन् घरची बाई मजा पाहाले जाते. ह्यानं काय करावं?"

मी तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसलो आणि तोंडातून ब्र काढला नाही. पुढं एका डॉक्टरांनी मला सांगितलं की या आजारात माणसाची जीभसुद्धा जड होते, तुम्ही स्वतःला एवढा दोष देऊ नका. डॉक्टर चांगले होते. पण मला ते पटत नाही. माझी जीभ जड झाली होती हे खरं असेल, पण त्या दिवशी मला एक स्वच्छ, हलका विचारही सुचला होता तो मला आठवतो: बरं झालं, माझ्यावर आलं नाही. हा विचार आजारानं केला नव्हता, मी केला होता.

शिक्षा ठरली. पाच घरांना जेवण, आणि पंच म्हणतील तोवर तिनं बियाण्याच्या कोशांना हात लावायचा नाही. जेवण तिनंच रांधलं. पंगतीत पहिलं पान मला वाढलं गेलं. ती भात घेऊन आली तेव्हा मी पानावर हात आडवा धरला, पुरे म्हणून. लोकांना वाटलं, अजूनही नेमातच आहे बिचारा.

पुढच्या हंगामापासून बाया कोसे निवडायला बसल्या की ती दूर बसून जाळ्याला गाठी मारायची. एखादी नवखी सून चुकीचा कोसा उचलायची, तेव्हा तिचे हात मांडीवर हलायचे. तोंडानं ती काही बोलायची नाही. मी ते पाहायचो आणि उठून दुसरीकडे जायचो.

माझं मात्र बस्तान बसलं. वाईट दिवस आले की मी नवा नेम धरायचो. कधी सोमवार, कधी मौन, कधी एक वेळचं जेवण. चार-पाच वर्षं असं चाललं. मधले काही महिने बरे जायचे, मी हसायचो, जाळं टाकायचो. पुन्हा खाली गेलो की लोक म्हणायचे बुवा नेमात आहेत, आणि लेकरांना माझ्या अंगणात ओरडू द्यायचे नाहीत. मुलगी माझ्याशी अहो-जाहो करून बोलायला लागली. बाहेरच्या माणसासारखी.

डॉक्टरांकडे गेलो तो गुडघ्यासाठीच. खोटं इतकं जुनं झालं होतं की मीही ते मानू लागलो होतो. साकोलीला सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर आले होते. बायको बरोबर होती. त्यांनी दोन्ही गुडघे दाबून, वाकवून पाहिले आणि म्हणाले, गुडघ्यांत काही नाही. मग विचारायला लागले, सकाळी जाग किती वाजता येते? जेवणात काय आवडतं? शेवटचं मनापासून हसलात कधी? मला राग आला. गुडघा दाखवायला आलेल्या माणसाला हसण्याचं काय विचारतात? बायको बोलायला लागली.

"पहाटे उठते हे, अन् पाहत राह्यते वर. झिंगे आवडत होते, आता ताटात तसेच राह्यते. हसत नाई. पाच वर्सं झाले साहेब. मधात बरे असते, मंग पुन्ना."

तिनं सगळं मोजून ठेवलं होतं. कोणत्या महिन्यात सुरू होतं, किती दिवस टिकतं, कशानं वाढतं. डॉक्टर लिहून घेत होते आणि मी लहान पोरासारखा दोघांच्या मधे बसलो होतो. ते म्हणाले, हा मनाचा आजार आहे, डिप्रेशन म्हणतात याला, बरेच लोक ते पोटदुखी-पाठदुखीच्या नावावर खपवतात. भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात चिठ्ठी दिली. तिथून गोळ्या सुरू झाल्या. गावात सांगितलं की रक्त कमी आहे, रक्ताच्या गोळ्या आहेत.

गोळ्यांनी दोन महिन्यांत फरक पडला. जादू झाली नाही, पण पहाटेचं पोतं हलकं झालं. बाकीचं बायकोनं केलं. काय झालं म्हणून ती विचारत नसे. मी "आज जड हाय" म्हणालो की "बरं" म्हणायची आणि फाटक्या जाळ्याचा एक कोपरा माझ्या पुढ्यात टाकायची. सगळं जाळं नाही, कोपरा. तेवढी भोकं सांधायची. कधी सांधायचो, कधी नाही. नाही सांधली तर रागवायची नाही. फटकळपणा मात्र परत आला. एकदा म्हणाली, "नेम धराचा असन त भांडे घासाचा धरा." मी हसलो. मुलीनं दारातून डोकावून पाहिलं, कोण हसतंय म्हणून.

मी बरा होत गेलो तसतशी त्या बैठकीची आठवण जास्त बोचायला लागली. आजारात सगळंच बोथट असतं, लाजसुद्धा. बरं झाल्यावर ती धारदार झाली. अनेकदा तिच्याशी बोलावं म्हणून शेजारी जाऊन बसलो आणि पावसाचं, तलावाचं काहीतरी बोलून उठलो. यातच लोकांनी मला पंच केलं. नाही म्हणालो, तर म्हणाले, पाहा, मोठेपणा नको त्याला. मी पंच झालो.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. दुसऱ्या एका घरचं पीक गेलं. राखणीवर नवरा होता, आणि बोट दाखवलं गेलं त्याच्या बायकोकडे. विशीतली पोर, लग्नाला वर्ष झालेलं. पाणी भरायला जाताना सीमेच्या आत पाय पडला असं कोणी म्हणत होतं. बैठक बसली. या वेळी मी पंचांत होतो, आणि मान म्हणून प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे दिलं होतं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. मागच्या ओट्यावर बायांमध्ये माझी बायको बसली होती. मी प्रश्न विचारायला तोंड उघडलं.

"पोरीले काई विचारू नोका," मी म्हणालो. "आदी माहं ऐका. त्या साली माह्या बायकोनं देव नाई घालवले. मी घालवले. मी झोपडीत पडून होतो. पाखरं खाऊन राहिले होते, मले आयकू येत होतं, अन् मी उठलो नाई. तो नेम नोहता. मले मनाचा आजार होता. अजून बी गोळ्या खातो."

अंगावरून घाम वाहत होता, पण मान वर होती. मला वाटलं, आता थुंकतील, आता उठवतील. मग वडील पंच गहिवरून म्हणाले, "पाहा रे. ह्याले म्हनते मानूस. दुसऱ्याच्या सुनेची इज्जत राखाले सोतावर घेऊन राहिला."

लोक माना हलवू लागले. एक-दोघांनी डोळे पुसले. त्या पोरीचा सासरा उठून माझ्या पाया पडला. मी नाही नाही म्हणत राहिलो, आणि जितकं म्हणालो तितकं ते जास्त मानत गेले. माझं खरंसुद्धा माझ्या मानातच जमा होत होतं. आणि माझी बायको तिकडे मागे दोषी ती दोषीच. मला रडू यायला लागलं. तेही त्यांना आवडलं.

तेव्हा ओट्यावरून बायको उठली. बैठकीत बाई न बोलावता उठत नसे.

"सोतावर घेऊन नाई राहिले हे," ती म्हणाली. "खरं बोलून राहिले. तीन दिवस मी गेली. पाखरं मी हाकलली. आवाज देल्ला, हे उठले नाई. जागे होते."

वडील पंच जरा रागानंच म्हणाले, "मंग तवा काहून नाई सांगतलं वं? पाच घरं जेऊ घातले, कोसे सोडले. काहून?"

"तवा सांगतलं असतं त तुमी ह्यायले आळशी म्हटलं असतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "अन् हे गेले असते तलावात. त्या उन्हाऱ्यात मी दोन डाव पायलं होतं. जाळं नाई, काई नाई, गळ्याइतक्या पान्यात उभे होते. कोसे गेले त गेले."

तलावाचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. आईला नाही, डॉक्टरांना नाही, तिला तर नाहीच. दोन्ही वेळा मी पाण्यात असताना काठावर कोणीही नाही अशी माझी खात्री होती. ती कुठं उभी होती, किती वेळ उभी होती, मी परत वळलो नसतो तर तिनं काय केलं असतं, हे मी तिला आजपर्यंत विचारू शकलेलो नाही. त्या पोरीला त्या दिवशी पुढं कोणी काही विचारलं नाही. बैठक तशीच उठली, आणि माझा मानही तसाच राहिला.